घर बाहेरून पाहताना

कवीचे घर पाहायला जाणाऱ्याला नेमके काय पाहायचे असते, हा प्रश्न आम्ही स्वतःला बरीच वर्षे विचारला नव्हता. महाविद्यालयाच्या मराठी विभागाची सहल निघते, गणपतीपुळ्याला देवदर्शन होते, समुद्रावर विद्यार्थ्यांना हाका मारून आम्हा अध्यापकांचा घसा बसतो, आणि मग दीड-दोन किलोमीटरवरच्या मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरी जायचे, हा क्रम ठरून गेलेला. केशवसुत अभ्यासक्रमात आहेत, घर वाटेवर आहे आणि सहलीच्या अर्जात ‘शैक्षणिक’ हा शब्द लिहिण्यासाठी एखादे स्थळ लागते. तिन्ही गरजा मालगुंडला एकदम भागतात.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात असेच गेलो होतो. बरोबर वीस-बावीस विद्यार्थी. पायरीशी एका मुलीने चपला काढल्या, उंबरठ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. तिचे पाहून इतरांनीही तसेच केले. आम्हीही केले. आत फिरून सगळे अंगणात परतले तेव्हा वर्गात नेहमी शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने विचारले, “सर, त्यांनी इथे कुठली कविता लिहिली?”

“इथे नाही लिहिली कुठली,” आम्ही म्हणालो.

“मग आपण इथे काय बघायला आलो?”

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ज्या मातीत कवी घडला, तो परिसर, ते संस्कार, असे काहीसे. ही वाक्ये आम्हाला तोंडपाठ आहेत. मुलाने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले नव्हते हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी त्या घराविषयी. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचा. जन्मतारखेबाबत एकमत नाही. १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन तारखा दिल्या जातात. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ साली स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने या घराचे स्मारक करण्याचे काम अंगावर घेतले आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घर जुन्या कोकणी बांधणीचे, कौलारू आणि बसके आहे. आवारात नवी वास्तू आहे, ग्रंथालय आहे, केशवसुतांनंतरच्या मराठी कवींची ओळख करून देणारे दालन आहे. ‘तुतारी’ दगडात कोरलेली आहे. जुन्याचा मोह सोडा असे बजावणारी कविता, जुने घर जपण्यासाठी उभ्या केलेल्या आवारात कायमची कोरून ठेवावी, यातला विरोध मिस्कील आहे खरा. पण तो हिणवण्यासारखा नाही. ज्यांना कवितेविषयी काही वाटते त्यांनीच हे घर सांभाळले आहे, आणि कोकणातल्या पावसात जुने घर उभे ठेवणे हे केशवसुतांवर व्याख्यान देण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. दर उन्हाळ्यात कौले पाहावी लागतात, लाकडाला वाळवी लागली का ते पाहावे लागते, भिंतींची ओल पाहावी लागते. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. म्हणून पुढे जे काही म्हणायचे आहे ते घर सांभाळणाऱ्यांविरुद्ध नाही, हे आरंभीच नोंदवतो. ते घर पाहणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यांत आम्ही पहिले.

केशवसुत या घरात किती राहिले? शिक्षणाच्या निमित्ताने खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे अशी गावे त्यांनी लहानपणापासून पालथी घातली. पुढे पोटासाठी मुंबई. त्यानंतर खानदेशात भडगाव आणि फैजपूर. शेवटी धारवाड. हुबळीला गेले असताना ७ नोव्हेंबर १९०५ रोजी प्लेगने त्यांचा अंत झाला. वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. त्यांची उपलब्ध कविता साधारण १८८५ पासूनची आहे. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन्ही कविता १८९३ सालच्या, मुंबईतल्या. म्हणजे ज्या माणसाची कविता आम्ही शिकवतो तो माणूस मालगुंडचे घर केव्हाच मागे टाकून आला होता. त्याच्या कवितेचे घर म्हणजे भाड्याच्या खोल्या, नातेवाइकांच्या बिऱ्हाडाचा एखादा कोपरा आणि शाळामास्तरकीच्या गावी मिळेल ते छप्पर. त्या खोल्यांपैकी एकीवरही आमची सहल कधी गेली नाही. जाणार तरी कोठे? भाड्याच्या खोलीचे स्मारक होत नाही. भाडेकरू गेला की तिथे दुसरा येतो, भिंतीला नवा रंग लागतो आणि खोली सगळे विसरून जाते.

आता आमच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. साहित्यिकाचे जन्मघर जपणे समाजाला सोयीचे वाटते, कारण जन्म ही घटना वाचकाकडून काहीही मागत नाही. जन्म झाला एवढे मान्य केले की पुरे. कविता मात्र बरेच काही मागते. ती पुन्हा वाचावी लागते, तिच्याशी भांडावे लागते, कधी कधी ती आवडत नाही हेही कबूल करावे लागते. जन्मघराशी भांडण होत नाही. तिथे फक्त हात जोडता येतात. मग हळूहळू असे होते की कवीविषयीचा आदर कवितेला वळसा घालून थेट घराच्या उंबरठ्यावर पोहोचतो.

आणि या बाबतीत समीक्षेची भाषाही घराला सामील आहे. केशवसुतांना आपण ‘आधुनिक मराठी कवितेचे जनक’ म्हणतो. हे बिरुद आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो, विद्यार्थी ते वहीत उतरवतात आणि तेच उत्तरपत्रिकेत आमच्याकडे परत येते. जनक म्हटले की वंश आला, कूळ आले, मूळ आले. आणि मूळ म्हटले की ते कुठल्यातरी मातीत शोधणे आले. जन्मघर या रूपकाला अगदी नेमके चिकटते. पण केशवसुतांचे आधुनिकपण वंशपरंपरेतून आलेले नाही. गाव सुटलेल्या, शहरात नीट न रुजलेल्या, एका नोकरीतून दुसरीत आणि एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसाचे ते आधुनिकपण आहे. इंग्रजी कवितेचे वाचन त्यात आहेच. इंग्रजी सुनीताचा आकृतिबंध त्यांनी मराठीत आणला. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे १८९२ सालचे त्यांचे सुनीत मराठीतले पहिले मानले जाते. परंतु नुसते वाचन पुरे पडत नाही. आपण जिथे आहोत तिथले नाही, ही जाणीव लागते. ती जाणीव जन्मघराच्या भिंतींवर शोधून सापडणार नाही; कारण त्या भिंती सोडल्यानंतरच ती सुरू झाली.

याचा अर्थ साहित्यिकांची आणि विचारवंतांची घरे जपण्यात हशील नाही, असा कोणी काढू नये. घराघरांत फरक आहे आणि तो ओळखायला शिकणे हाच खरा अभ्यास आहे. पुण्याच्या गंज पेठेतला महात्मा फुले वाडा घ्या. या घराच्या आवारातला हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. इथे वास्तू ही कृतीची पार्श्वभूमी नाही, वास्तू हीच कृती आहे. पाण्याविषयीचे त्यांचे म्हणणे ग्रंथात वाचण्याआधी त्यांनी ते आपल्या अंगणात करून दाखवले होते. त्या हौदाशी उभे राहिलेल्या विद्यार्थ्याला ‘आपण इथे काय बघायला आलो’ असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. त्याला दुसरा, अधिक अवघड प्रश्न पडावा: आपल्या घरातली कोणती वस्तू आपण अजून खुली केलेली नाही?

किंवा जळगावातले बहिणाबाई चौधरींचे घर घ्या. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या जात्यावर, चुलीपुढे, शेतात जन्मल्या. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून उरल्या, आणि १९५१ साली बहिणाबाई गेल्यावर पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. या घरातल्या संसाराच्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. दुसऱ्या एखाद्या लेखकाच्या घरी जाते दिसले तर ती त्या काळच्या राहणीची खूण असते. इथे जाते म्हणजे कवयित्रीचे लिहिण्याचे मेज आहे. हाताच्या फिरण्याची लय आणि ओवीची लय यांचे नाते पुस्तकात शंभर वेळा वाचूनही कळत नाही, ते खुंटा हातात धरल्यावर कळते. अशा घरी विद्यार्थ्यांना जरूर न्यावे. छंदशास्त्राचा एक तास तिथेच घ्यावा.

मालगुंडच्या घराला हे दोन्ही लागू नाही. तिथे कृतीही नाही आणि लेखनाचे साधनही नाही. त्या घरात दळणकांडण झाले असेल ते केशवसुतांच्या आईच्या आणि घरातल्या बायकांच्या हातांनी. त्या हातांची कुठल्याच वाङ्मयेतिहासात नोंद नाही. या दृष्टीने पाहिले तर कवीचे जन्मघर हे कवीपेक्षा त्याच्या आईचे स्मारक अधिक असते. बाळंतपण तिचे, राबणे तिचे, घर तिचे. पाटी मात्र मुलाच्या नावाची. विद्यार्थिनींनी हे आमच्या लक्षात आणून देण्याआधी आम्हीच बोलून टाकलेले बरे.

आणखी एक गोष्ट जन्मघर सांगू शकते आणि ती वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ऐकण्यासारखी आहे. मोरो केशव दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा त्यांचा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. मराठी व्याकरणाचा अभ्यास आजही त्याला टाळून पुढे जाऊ शकत नाही. एकाच कुटुंबातला एक भाऊ भाषेला तिच्या सवयी मोडायला लावत होता आणि दुसरा त्याच भाषेच्या सवयी नेमक्या काय आहेत हे चिकाटीने नोंदवत होता. आम्ही मात्र एकाला कवितेच्या पेपरात टाकले आणि दुसऱ्याला व्याकरणाच्या. दोघे एकाच आईबापांची मुले होती हे कित्येक पदवीधरांना ठाऊक नसते. घराने काय करावे, तर वेगवेगळ्या पेपरांत पडलेली अशी माणसे पुन्हा एका ओटीवर आणून बसवावीत.

आता वस्तूंविषयी. मालगुंड सोडून दुसऱ्या एका ठिकाणचा अनुभव सांगतो. नाव घेण्यात अर्थ नाही, कारण असे अनुभव अनेकांचे असतील. एका थोर लेखकाच्या जतन केलेल्या घरात मेजावर चष्मा ठेवला होता. काचा जाड, एका काडीला दोरा गुंडाळलेला. आमच्याबरोबरच्या एका ज्येष्ठ प्राध्यापिका त्या चष्म्यापुढे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्या लेखकावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. त्यांचे डोळे भरून आले. बाहेर पडताना आम्ही सहज चौकशी केली, तेव्हा कळले की चष्मा त्यांचा नव्हे, ‘त्या काळातला’ आहे. खोली रिकामी दिसू नये म्हणून कोणीतरी आणून ठेवला. फसवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. पण बाईंना आम्ही ते सांगितले नाही, आणि न सांगितल्याची टोचणी अजून आहे.

‘त्यांचा’ आणि ‘त्या काळातला’ या दोन शब्दांमधले अंतर हे आमच्या मते छोट्या संग्रहालयाच्या प्रामाणिकपणाचे माप आहे. त्या काळातली वस्तू ठेवू नये असे नव्हे. रिकामी खोली पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही. समई, पाट, कंदील, फडताळ यांनी काळ उभा राहतो. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात कीट्सचे घर १९२५ पासून लोकांसाठी खुले आहे. १८१९ साली नाइटिंगेल पक्ष्यावरची आपली प्रसिद्ध कविता त्याने तिथल्या बागेत प्लमच्या झाडाखाली बसून लिहिली, असे त्याच्या मित्राने नोंदवून ठेवले आहे. ते झाड आज नाही. त्याच्या जागी दुसरे लावले आहे. हे उघड सांगितल्याने काही बिघडत नाही. उलट, मूळ झाड गेले आणि कविता राहिली हे तिथे उभे राहून समजते, आणि ते समजणे हा त्या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग ठरू शकतो. मजकुराबाबत आपण किती काटेकोर असतो ते आठवा. एखाद्या पाठभेदावरून आम्ही संपादकाला धारेवर धरतो; प्रक्षिप्त ओवी कोणती आणि अस्सल कोणती यावर हयाती खर्च होतात. मग वस्तूच्या बाबतीत प्रक्षेप का खपवून घ्यावा? मूळ काय, दुरुस्त केलेले काय, नंतर आणलेले काय, हे तीन साधे शब्द वस्तूखाली लिहायला फार पैसा लागत नाही. ज्याला संहिताचिकित्सा शिकवायची आहे त्याने ती आधी एखाद्या घरावर करून दाखवावी.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. तुम्ही अध्यापक मंडळी पुस्तके घेऊन बसता. परंतु जन्मघर ज्यांच्यासाठी आहे ते सगळे वाचक नसतात. गणपतीपुळ्याला आलेले एखादे कुटुंब सहज मालगुंडला येते, मुलांना घर दाखवते, दगडावरच्या चार ओळी वाचते. एरवी त्या कुटुंबाच्या वाटेला कविता आली असती का? हे आम्हाला मान्य आहे. मराठीत सेनापतींचे पुतळे गावोगाव आहेत. कवीसाठी कोणी चार भिंती राखल्या यातच समाजाचा काही एक कौल आहे. नमस्कारालाही आमचा विरोध नाही. त्या मुलीने उंबरठ्याला हात लावला त्यात ढोंग नव्हते, तिच्या घरच्या रीतीप्रमाणे तिने मान दिला. आमची तक्रार एवढीच की तो नमस्कार झाल्यावर तिला पुढे काय करायचे हे सांगायला आम्ही काही तयारीच केली नव्हती. देवळात दर्शनानंतर निदान प्रसाद तरी मिळतो.

मग जन्मघरात पाहायचे काय? त्या मुलाच्या प्रश्नाने आम्हाला पुन्हा केशवसुतांच्या कवितेकडे वळवले, आणि एक गोष्ट, जी इतकी वर्षे शिकवताना कधी लक्षात आली नव्हती, ती दिसली. केशवसुतांच्या कवितेत घर पुष्कळदा बाहेरून दिसते. त्यांची एक कविता आहे, तिचे लांबलचक शीर्षकच सगळे सांगून जाते: ‘गावी गेलेल्या मित्राची खोली लागलेली पाहून’. ‘लागलेली’ म्हणजे बंद असलेली; आजच्या विद्यार्थ्यांना हा अर्थ सांगावा लागतो. माणूस नाही, दार बंद आहे, आणि कवी बाहेर उभा आहे. ‘सतारीचे बोल’मध्ये रात्री खिन्न मनाने भटकणाऱ्या माणसाच्या कानांवर कोणाच्या तरी खिडकीतून सूर येतात. खिडकी दुसऱ्याची, सतार दुसऱ्याची. ऐकणारा बाहेर, अंधारात. आणि ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत दूर राहिलेल्या कोकणची ओढ आहे. जन्मभूमीवरून आलेल्या वाऱ्याशी बोलणे आहे. घराकडून येणारा वारा अंगावर घेता येतो, घरात मात्र जाता येत नाही. बंद दार, परकी खिडकी, लांबून आलेला वारा. हा माणूस घराच्या आत बसून लिहीत नव्हता. घर त्याच्या कवितेच्या पाठीशी नाही, समोर आहे, आणि मध्ये अंतर आहे. ती कविता त्या अंतराची आहे.

असे पाहिले की मालगुंडच्या घराचा अर्थ बदलतो. कवितेचे मूळ शोधायला म्हणून तिथे गेलो तर हात रिकामे राहतात. कविता ज्या दिशेने वळून पाहत होती ते ठिकाण म्हणून गेलो तर घर बोलू लागते. तिथे पोहोचल्यावर आपण कवीच्या जवळ आलो असे वाटण्यापेक्षा, कवीला जिथे परतता आले नाही तिथे आपण सहलीच्या गाडीतून सहज येऊन उभे राहिलो, याची थोडी लाज वाटली पाहिजे. ही लाज वाचकाला उपयोगाची आहे. ती त्याला पुन्हा पुस्तकाकडे पाठवते.

यातून काही साध्या सूचना निघतात. त्या कोणा एका स्मारकाला उद्देशून नाहीत. आपल्याकडच्या सगळ्याच लेखकघरांना आणि मुख्यतः तिथे जाणाऱ्या आम्हा अध्यापकांना उद्देशून आहेत. पहिली सूचना वर आलीच आहे: वस्तूंची खरी ओळख द्यावी. दुसरी: जन्मघरात लेखकाच्या इतर निवासांचा नकाशा लावावा आणि कोणती कविता कोणत्या गावी, कोणत्या साली झाली ते त्यावर दाखवावे, म्हणजे पाहणाऱ्याला हे घर प्रवासाचा आरंभ आहे, मुक्काम नव्हे, हे कळेल. तिसरी: घरात मोठ्याने वाचण्याची एक जागा आणि एक वेळ असावी. चौथी आमच्यासाठी: कवितासंग्रह बरोबर घेतल्याशिवाय कवीच्या घरी जाऊ नये. हे ऐकायला हास्यास्पद वाटेल. पण त्या डिसेंबरात वीस-बावीस विद्यार्थी आणि तीन अध्यापक मिळून आमच्याजवळ केशवसुतांच्या कवितांची एकही प्रत नव्हती. कॅमेरे सगळ्यांजवळ होते.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी जाण्याआधी पंधरा दिवस वर्गात फक्त कविता वाचल्या. कवीचे चरित्र मुद्दाम सांगितले नाही. मालगुंडला पोहोचल्यावर घरात शिरण्याआधी सगळ्यांना अंगणातच बसवले. उंबरठ्याला हात लावणारी ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला होती. तिने ‘गावी गेलेल्या मित्राची खोली लागलेली पाहून’ ही कविता वाचली. भाषा जुनी, वृत्तबद्ध. ती दोन ठिकाणी अडखळली आणि पुन्हा मागे जाऊन नीट वाचू लागली. शेवटच्या बाकावरचा तो मुलगाही होता. वाचन संपल्यावर तो म्हणाला, “सर, म्हणजे त्यांचा मित्र निदान परत तरी येणार होता.”

आम्ही इतकी वर्षे ती कविता शिकवली, हे वाक्य आम्हाला सुचले नव्हते. मित्र गावी गेला आहे, खोली काही दिवसांनी उघडणार आहे. शीर्षकातच ती आशा आहे. आम्ही ज्या दाराशी बसलो होतो ते सताड उघडे होते, आणि तिथे राहणारा मात्र परत यायचा नव्हता. केशवसुत गेल्यानंतर त्यांच्या कविता पुस्तकरूपाने येण्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला, ह. ना. आपट्यांनी ते काम केले नसते तर आज त्या अंगणात वाचायलाही काही नसते, आणि कदाचित घरही नसते. घर कवितेमुळे राहिले आहे, कविता घरामुळे नव्हे. हा क्रम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा अशी आमची इच्छा आहे, कारण आम्ही स्वतः तो पुष्कळ काळ उलटा शिकवत होतो.

मग सगळे आत गेले. कोणी नमस्कार केला, कोणी केला नाही. त्याविषयी आम्ही काही बोललो नाही. परतल्यावर अंतर्गत परीक्षेचा पेपर काढायचा होता. ‘केशवसुतांच्या जीवनाचा परिचय करून द्या’ हा प्रश्न आमच्या जुन्या पेपरांत दरवर्षी असे. या वेळी तो काढून टाकला आणि त्याऐवजी विचारले: केशवसुतांच्या कोणत्याही दोन कवितांतील घर कोठून पाहिलेले आहे, ते लिहा. उत्तरे वेगवेगळी आली. काही चुकलेली होती. पण एकाही उत्तरपत्रिकेत ‘जनक’ हा शब्द नव्हता.